सॉफ्टवेअर बसलं, पेढेही वाटून झाले. आता सांभाळायचं कोणी?

खडी_वाळू (जळगाव)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरजेपोटी लिहितोय.

आमची बांधकामाची फर्म आहे, मध्यम आकाराची. सध्या सहा साइट सुरू आहेत. यावलला शाळेची इमारत, रावेरला केळीचं शीतगृह, पारोळ्याकडे रस्त्याचं काम, धुळ्यात गोदाम, जळगावात एक अपार्टमेंट आणि एका नाल्यावर छोटा पूल. मी ऑफिसात बसतो. बिलिंग, खरेदी, स्टोअरचा हिशोब, सगळं माझ्याच टेबलावर येतं.

चौदा महिन्यांपूर्वी शेठनी बांधकाम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीची दोन पोरं तीन महिने इथे राहिली, मास्टर (म्हणजे माल, पुरवठादार, दर यांच्या मूळ याद्या) भरले, प्रशिक्षण दिलं. चालू झालं त्या दिवशी पेढे वाटले. पोरं परत गेली आणि तिथून उतरण लागली. आज सहापैकी दोनच साइट रोजचा प्रगती अहवाल भरतात. बाकीचे शनिवारी आठवड्याचा एकदम टाकतात, तोही आठवून आठवून. यावलच्या स्टोअरला खडीचा शिल्लक साठा दाखवतोय उणे ३१४ ब्रास. शेठ विचारतात, "यावलला सिमेंट किती पडलंय?" मी स्क्रीन उघडून बसतो आणि टेबलाखालून यावलला फोन लावतो.

आता वार्षिक देखभालीचं पत्र आलंय. लायसन्सच्या किमतीच्या १८ टक्के, अधिक जीएसटी. शेठ म्हणतात, चालत नाही त्याचे पैसे कशाला भरायचे? मला कळत नाहीये की पैसे भरावेत, आपलाच एखादा माणूस यासाठी ठेवावा, की मुकाट्याने एक्सेलवर परत जावं. ज्यांच्याकडे असं सॉफ्टवेअर दोन-तीन वर्षं टिकलंय त्यांनी सांगा, बसवून झाल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत?

बापू_वरणगाव

भाऊ, उणे ३१४ ब्रास म्हंजे तुमनी साइटवर खडी नही, खड्डा शे.

एक्सेलच_बरं

आमच्याकडे हाच तमाशा झाला. दोन वर्षं पैसे भरले, शेवटी बंद केलं. साइटवरचा माणूस कागदावरच लिहिणार, कितीही आपटा. एक्सेलला ना पासवर्ड विसरतो, ना कोणाच्या सपोर्टला फोन लावावा लागतो.

पांझराकाठ (मूळ धुळे, सध्या पुणे)

मी नऊ वर्षं अशाच सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये आहे, म्हणजे पलीकडून फोन उचलणारा माणूस. कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

भाऊ, पैसे भरायचे की नाही हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी गेल्या तीन महिन्यांत तुमच्याकडून सपोर्टला किती तक्रारी गेल्या आणि कशाबद्दल, ते काढा. माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात तक्रारी सॉफ्टवेअरच्या चुकीच्या नसतातच. पासवर्ड विसरला, चुकीच्या साइटवर नोंद पडली, आयटम सापडत नाही, मंजुरी कोणाकडे अडकलीय ते दिसत नाही, असल्याच असतात. पुण्यात बसून आम्ही त्या एकेक करून सोडवतो, पण त्या पुन्हा पुन्हा येतात, कारण मूळ तुमच्याकडे असतं.

उणे साठ्याचंच घ्या. सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने वजाबाकी करत नाही. याची कारणं दोन-तीनच असतात. आवक न नोंदवता जावक नोंदवली. एका साइटचा माल दुसरीकडे गेला आणि बदलीची नोंद झाली नाही. किंवा एककाचा घोळ, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. खडी क्रशरवरून वजनकाट्यावर टनात येते, पुरवठादार ब्रासमध्ये बोलतो, इंजिनिअर नकाशावरून घनमीटर काढतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोणी ब्रासच्या खान्यात घनमीटर टाकत असेल तर जावक जवळजवळ तिप्पट दिसणार. टनाचा घोळ आणखी वाईट, कारण एका ब्रासला साधारण सव्वाचार टन धरतात, पण ते खडीच्या आकारावर आणि ओलीवर बदलतं. वाळूचं तर विचारूच नका, थोडी ओली असली की चांगलीच फुगते. तीच वाळू, ढीग मोठा.

यावलचा खडीचा लेजर काढा आणि सगळ्या जावक नोंदी कोणाच्या लॉगिनमधून झाल्या ते बघा. पुढचं मग बोलू.

स्टोअरकीपर_शहादा

नमस्कार. मी तो माणूस आहे ज्याला सगळे "साइटवाला भरत नाही" म्हणतात.

आमची साइट धडगावच्या वाटेवर होती. सातपुड्यात शिरलं की रेंज जाते. सॉफ्टवेअर 'ऑफलाइन चालतं' म्हणून सांगितलं होतं. चालतं, पण सिंक व्हायला मी मोटरसायकलवर खाली यायचो, तेव्हा तीन दिवसांच्या नोंदी एकाच वेळेच्या दिसायच्या आणि ऑफिसातून फोन यायचा, "तुम्ही सगळं एकदम का भरलं?"

दुसरं ऊन. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टॅब ठेवला की दुपारी बारानंतर 'तापमान जास्त' दाखवून बंद पडतो. मी तो माठाच्या मागे ठेवायचो. हसू नका, चालायचं.

तिसरं, आणि हे मोठ्या लोकांनी ऐकावं. वाळूची गाडी रात्री अकराला येते. ड्रायव्हर थांबत नाही. मी झोपलेला असलो तर मुकादम गाडी खाली करून घेतो आणि माझ्याच पासवर्डने नोंद टाकतो. पासवर्ड त्याला मीच दिलाय, नाहीतर नोंद होणारच नाही. आणि त्यांचा सपोर्ट सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. उन्हाळ्यात आमची स्लॅब रात्रीच पडते. पहाटे तीनला आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी दारात उभी, चलन नोंदवता येत नाही, आणि फोनवर रेकॉर्ड केलेली बाई सांगते, "कार्यालयीन वेळेत संपर्क साधा."

एमबी_वाले_आबा (भुसावळ)

वरचं वाचून राहवलं नाही. मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, पंधरा वर्षं होतील. शहाद्याच्या पोराने रात्रीच्या काँक्रीटचं लिहिलं ते अगदी खरं. ४० अंशांच्या वर हवा गेली की भारतीय मानक ७८६१ प्रमाणे ते उष्ण हवामानातलं काँक्रीट धरायचं, आणि आमच्या भुसावळला एप्रिल-मे म्हणजे ४४-४५ रोजचेच. मग काम रात्री किंवा भल्या पहाटेच होणार. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हे माहीत नसेल, पण घेणाऱ्याला तर माहीत होतं ना? मग करारात 'दहा ते सहा' वर सही कोणी केली?

आमच्या काळी सॉफ्टवेअर नव्हतं, मेजरमेंट बुक होतं, म्हणजे एमबी, झालेल्या कामाची मापं लिहायचं पुस्तक. पण ते पुस्तक सांभाळायची शिस्त मोठी होती. प्रत्येक पानाला छापील क्रमांक. पान फाडायचं नाही. खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. कनिष्ठ अभियंत्याने घेतलेली मापं वरचा साहेब जागेवर येऊन तपासणार. पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे याचं वेगळं रजिस्टर. हरवलं तर चौकशी. शिवाय बदली झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याने पुस्तकं मोजून द्यायची-घ्यायची.

तुम्ही लोक सॉफ्टवेअर आणता आणि वाटतं, शिस्त त्याच्यासोबत डब्यात येते. ती येत नाही. मुकादम दुसऱ्याच्या पासवर्डने नोंद टाकतो, म्हणजे आमच्या भाषेत दुसऱ्याची सही मारतो. आम्ही त्याला निलंबित केला असता.

स्टोअरकीपर_शहादा

आबा, निलंबित केला असता तर गाडी कोणी खाली करून घेतली असती?

एमबी_वाले_आबा (भुसावळ)

बरोबर आहे तुझं. मग मुकादमाला स्वतःचा पासवर्ड द्यायला हवा, फक्त आवक नोंदवायच्या अधिकाराचा. ऑफिसाने दिला नाही, ही ऑफिसाची चूक. तुझी नाही.

पांझराकाठ

आबांनी सपोर्टची अर्धी गोष्ट सांगितली. तरी ऑफिसं मुकादमाला लॉगिन देत नाहीत, कारण लायसन्स माणशी मोजतात आणि प्रत्येक नव्या नावाचे पैसे लागतात. मग चार माणसं एका नावावर चालतात आणि कोणी काय केलं ते कायमचं बुडतं. बऱ्याच कंपन्या फक्त नोंद करणाऱ्यांसाठी स्वस्त लायसन्स देतात. पण ते मागावं लागतं, आपणहून कोणी सांगत नाही. पत्राला उत्तर देताना भाऊ, हा मुद्दा पहिला घाला.

चाळीसगाव_सीए

माझ्या बाजूने थोडं. देखभालीचा करार वाचताना एक ओळ शोधा: कायद्यातले बदल त्यात धरलेत की नाही? बहुतेक लोक किंमत वाचतात, ही ओळ वाचत नाहीत.

ताजं उदाहरण सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझ्या एका अशिलाकडे सॉफ्टवेअरमध्ये कराचा दर आयटम मास्टरला चिकटवलेला होता, तारखेनुसार दर ठेवायची सोय वापरलीच नव्हती. स्टोअरच्या मुलाने प्रामाणिकपणे २८ खोडून १८ केलं. झालं, जुनी बिलं परत छापली की त्यांच्यावरही १८ यायला लागलं. जुन्या ऑर्डर २८ ने दिलेल्या, माल नंतर आला, बिल कुठल्या दराने घ्यायचं यावर पुरवठादाराशी वाद सुरू. सपोर्टला कळवलं, उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवली आहे." दरम्यान महिन्याचं विवरणपत्र डोक्यावर. शेवटी त्या महिन्याचं हातानेच केलं.

खरं म्हणजे दर बदलण्याच्या आधीच्या आठवड्यात एक तास बसून आयटम मास्टरमध्ये नवा दर तारखेसह टाकला असता तर काहीच झालं नसतं. घोषणा ३ सप्टेंबरला झाली होती, मध्ये पुरते एकोणीस दिवस होते. पण मास्टरचा धनी कोण, हेच ठरलेलं नव्हतं.

आबांच्या खोडरबरावरून आठवलं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं सक्तीचं आहे, आणि तो बंद करता येऊ नये. प्रोप्रायटरी आणि भागीदारीला हे लागू नाही. पण म्हणून तो बंद ठेवू नका, चालू करा. 'दर कोणी बदलला' यावर माझ्या अशिलाकडे दोन दिवस भांडण चाललं, माग असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं.

सरकारी कामं असतील तर आरए बिलातल्या, म्हणजे चालू कामाच्या टप्प्याटप्प्याच्या बिलातल्या कपाती तपासा. आयकराचा टीडीएस, अडीच लाखांवरच्या कराराला जीएसटीचा २ टक्के टीडीएस, कामगार कल्याण उपकर १ टक्का, रॉयल्टी, सुरक्षा ठेव. यातली एक जरी कपात सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या खात्यात गेली तर वर्षाअखेरीला माझ्याकडे येते, आणि मी त्याचे वेगळे पैसे घेतो.

बापू_वरणगाव

शेवटचं वाक्य सगळ्यात खरं, साहेब.

खडी_वाळू (जळगाव)

सगळ्यांचे आभार. एवढं मनावर घेऊन लिहाल असं वाटलं नव्हतं.

करार काढून वाचला. कायद्यातले बदल धरलेत, हे बरं आहे. पण 'ग्राहकाच्या मागणीनुसार केलेले अहवाल' धरलेले नाहीत. आमचं आरए बिल त्यांनी आमच्या छापाप्रमाणे खास करून दिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी नवी आवृत्ती चढवली, आणि त्यात सुरक्षा ठेवीच्या कपातीचा रकानाच गायब झाला. तेव्हापासून ते बिल मी एक्सेलमध्ये करतोय. त्यांना विचारलं तर म्हणाले, हे वेगळं काम, वेगळे पैसे.

दादा, तक्रारी मोजल्या. तीन महिन्यांत अधिकृत फक्त अकरा. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर. ग्रुपमध्ये त्यांचा एक मुलगा होता, चांगला होता, लगेच सांगायचा. तो नोकरी सोडून गेला आणि ग्रुप मुका झाला. कोणती अडचण त्याने कशी सोडवली याची नोंद कुठेच नाही, सगळं त्याच्या डोक्यात गेलं.

एक्सेलच_बरं

बघा, मी काय म्हणत होतो.

अमळनेरची_साइट

नाही भाऊ, एक्सेलमध्येही हेच होतं. ज्याने फाइल बनवली तो गेला की सूत्रं कोणाला कळत नाहीत. मी एका फर्ममध्ये अशी फाइल बघितलीय, तिला 'अंतिम_नवी_खरी_३' असं नाव होतं.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, साइटवर असते. आमच्याकडे सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी चालतंय, रडतखडत का होईना. आम्ही फार हुशारी केली नाही, पण काही गोष्टी केल्या.

ऑफिसातल्या एका माणसाला 'हा याचा धनी' असं नेमलं. आयटीवाला नाही, स्टोअरचाच जुना माणूस, ज्याला खडी, मुरूम, सेंट्रिंग सगळं कळतं. नवा आयटम, नवा पुरवठादार, नवं लॉगिन त्याच्याशिवाय तयार होत नाही. त्याआधी आमच्याकडे '१२ मिमी सळई' चार नावांनी होती. टीएमटी १२, १२ एमएम बार, सळई १२, आणि एक नुसतं 'बारा'. चारही ठिकाणी थोडा थोडा साठा. खरेदीवाला एकाकडे बघून म्हणायचा 'संपली' आणि नवीन मागवायचा.

प्रत्येक साइटवर एक माणूस, ज्याला बाकीचे आधी विचारतात. त्याला नाही जमलं तरच ऑफिस, ऑफिसला नाही जमलं तरच कंपनीचा सपोर्ट. सोमवारी सकाळी पाऊण तास फोनवर सगळे एकत्र बसतो, आठवड्याच्या अडचणी वाचतो. ज्या दोनदा आल्या त्यांवर बोलतो, एकदाच आलेल्या सोडून देतो.

आणि नोकरी सोडणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. एक इंजिनिअर सुरतेला गेला, त्याचं लॉगिन चालूच राहिलं, आणि त्याच्या नावाने दोन महिने मजुरांची हजेरी मंजूर होत होती. पैशाचा घोटाळा निघाला नाही, नशीब. ज्याला काम उरकायचं होतं तो ते लॉगिन वापरत होता.

आता गमतीची गोष्ट. सॉफ्टवेअरचं कामाच्या दिवसांचं कॅलेंडर कंपनीने भरलेलं होतं. रविवार, १५ ऑगस्ट, दिवाळी, सगळं बरोबर. आखाजी (अक्षय्य तृतीया) नाही, पोळा नाही, आमच्या खानदेशातली कानबाई देवी तर त्यांनी ऐकलेलीच नाही. आखाजीला आमचे अर्धे मजूर गावाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होतं आणि मंगळवारपर्यंत साइटवर शुकशुकाट. सॉफ्टवेअरने 'काम तीन दिवस मागे' असा इशारा तयार केला आणि आपोआप ग्राहकाला ईमेल धाडला. ग्राहक मुंबईचा. त्याचा फोन आला, "काही अडचण आहे का?" मी काय सांगणार, कानबाई आलीय? सांगितलं खरं तेच. मग कॅलेंडर आम्हीच दुरुस्त केलं, आणि आपोआप जाणारे ईमेल आधी ऑफिसात येतील असं करून घेतलं.

बापू_वरणगाव

ताई, ग्राहकले प्रसाद धाडा व्हता का?

अमळनेरची_साइट

रोट धाडले बापू. पुढच्या वर्षी त्यानेच तारीख विचारली.

पांझराकाठ

ताईंनी जे लिहिलंय त्यासाठी आमच्या कंपन्या सल्लागार लावून पैसे घेतात.

मी दोन-तीन गोष्टी जोडतो, ज्या पलीकडे बसून दिसतात.

तक्रार कशी लिहायची. आम्हाला येणाऱ्या तक्रारी अशा असतात: "सर सिस्टिम चालत नाही अर्जंट." यावर आम्ही विचारतो कुठली साइट, मग वाट बघतो, मग विचारतो कुठला स्क्रीन, परत वाट. दोन दिवस यातच जातात. त्याऐवजी असं लिहा: "यावल साइट, माल आवक नोंद, चलन क्रमांक अमुक, सिमेंट २०० बॅग. जतन करा दाबल्यावर 'दर जुळत नाही' असं येतं. सकाळी ९:४० पासून. दुसऱ्या लॉगिनमधूनही तसंच." आणि स्क्रीनचा फोटो. अशी तक्रार आली की मी पहिल्याच फोनला सोडवतो, किंवा निदान योग्य माणसाकडे ढकलतो.

करारात 'प्रतिसाद चार तासांत' लिहिलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे उत्तर नव्हे. चार तासांत आम्ही "आपली तक्रार मिळाली" म्हणतो आणि आमचा आकडा हिरवा होतो. तुम्हाला हवी ती ओळ 'निवारण किती वेळात' ही, तीही अडचणीच्या गांभीर्याप्रमाणे वेगवेगळी. स्लॅब चालू असताना नोंद अडली तर दोन तास, अहवालाचा रंग चुकला तर दोन आठवडे. हे सगळं आमच्याशी घासाघीस करून मिळतं.

नवी आवृत्ती थेट चालू सिस्टिमवर चढवू देऊ नका. आधी चाचणीच्या प्रतीवर चढवायला सांगा आणि तुमचं आरए बिल, मजुरांच्या हजेरीचं मस्टर, साठा अहवाल असे पाच-सहा कागद तिथे काढून जुन्याशी ताडून बघा. तुमचा तो ठेवीचा रकाना तिथेच सापडला असता.

आणि बॅकअप. सगळे म्हणतात, आहे. मी विचारतो, शेवटचा बॅकअप परत चढवून कधी बघितला? मग शांतता. वर्षातून दोनदा तरी परत चढवून बघा. आणि करार संपला तर आमचा डेटा आम्हाला कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल, हे आजच लिहून घ्या, कंपनीशी गोडी आहे तोवर.

चाळीसगाव_सीए

शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. सॉफ्टवेअर सोडाल, पण ती जबाबदारी सुटत नाही. नुसत्या पीडीएफ घेऊ नका, तक्त्यांच्या स्वरूपात घ्या.

एक्सेलच_बरं

मी हट्ट सोडत नाही, पण एक कबूल करतो. आम्ही सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा दोन वर्षांचा डेटा परत मिळाला नाही. मला वाटलं होतं, मागितला की मिळेल.

खडी_वाळू (जळगाव)

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा.

दादांनी सांगितल्याप्रमाणे यावलचा लेजर काढला. खडीची आवक १८० ब्रास, जावक ४९४. सगळी जावक एकाच लॉगिनमधून, आमच्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरच्या. पोरगा हुशार आहे, रोज कागदावर हिशोब करून प्रामाणिकपणे घनमीटर काढायचा आणि ब्रासच्या खान्यात टाकायचा. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षण झालं तेव्हा तो आमच्याकडे नव्हता. ४९४ ला २.८३ ने भागलं, १७४ आणि वर थोडं. म्हणजे साइटवर साडेपाच ब्रासच्या आत-बाहेर खडी असायला हवी. मी आणि स्टोअरवाला टेप घेऊन गेलो, ढीग सारखा करून मोजला. पाचाला थोडा कमी भरला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा स्क्रीन आणि जमीन जुळलेली पाहिली. खरं सांगतो, तिथे ढिगाशेजारी उभा राहून मी शेठना फोन केला.

त्यावर शेठ म्हणाले, "मग पैसे भरू की नको?"

भरले. पण आधी बोललो. नोंद करणारी स्वस्त लायसन्सं सहा मिळाली, प्रत्येक साइटच्या मुकादमाला एक. मार्च ते जूनमध्ये रात्रीचा फोन मागितला, ते सगळ्या रात्रींसाठी तयार झाले नाहीत. स्लॅबची तारीख दोन दिवस आधी कळवली तर त्या रात्री एक माणूस फोनवर राहील, इतकं कबूल केलं. आरए बिलाचा छाप त्यांनी करारात घेतला, त्यासाठी शेठना थोडे जास्त मोजावे लागले. डेटा परत देण्याची ओळ घालायला त्यांनी खूप खळखळ केली, शेवटी घातली.

आणि ताईंचं ऐकून स्टोअरच्या जुन्या अण्णांना धनी केलं. वय ५८. पहिल्या दिवशी म्हणाले, मला कॉम्प्युटर येत नाही. मी म्हटलं, खडी येते ना? गेल्या आठवड्यात त्यांनी आयटमची यादी समोर घेऊन निम्मी नावं बाद केली. सळई आमच्याकडे चार नाही, सात नावांनी निघाली.

पारोळ्याची साइट मात्र अजून भरत नाही. तिथला इंजिनिअर म्हणतो, रस्त्यावर उभं राहून मोबाइलमध्ये टाइप करू की रोलर बघू? त्याला अजून माझ्याकडे उत्तर नाही.

अमळनेरची_साइट

त्याला टाइप करायला लावू नका. आमचा रस्तेवाला साखळी क्रमांकाच्या, म्हणजे रस्त्यावरचं अंतर दाखवणाऱ्या पाटीसह फोटो आणि बोललेली नोंद पाठवतो, ऑफिसात एक मुलगी संध्याकाळी ते भरते. कंपनीवाले याला चुकीची पद्धत म्हणतात. म्हणू देत.

एमबी_वाले_आबा (भुसावळ)

भरणारी मुलगी स्वतःच्याच लॉगिनमधून भरते ना?

अमळनेरची_साइट

हो आबा, स्वतःच्याच.

स्टोअरकीपर_शहादा

भाऊ, एक विचारायचं राहिलं. मुकादमांना लॉगिन दिलं ते उत्तम. पण मुरूम कोणत्या एककात ठेवला? आमच्याकडे ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या हिशोबाने देतो, ब्रास म्हटलं की भांडतो.

खडी_वाळू (जळगाव)

आमच्याकडेही ट्रॉलीच. अण्णांनी कालच मास्टरमध्ये 'ट्रॉली' एकक टाकलंय. एक ट्रॉली म्हणजे किती ब्रास ते आता विचारू नका, तीन ट्रॅक्टरवाल्यांच्या तीन ट्रॉल्या वेगवेगळ्या आहेत. उद्या सकाळी टेप घेऊन जातोय.

बापू_वरणगाव

टेपसंगे माठ बी ली जाय भाऊ, ऊन लई शे.